पालथ्या दिवसांतली मोटार

सकाळी खिडकी उघडली तर समोर गंगा नव्हती. पंचगंगा घाटाच्या वरच्या दोन-चार पायऱ्या तेवढ्या दिसत होत्या आणि त्यांच्याखाली नुसता पिंजलेला कापूस. नावाड्यांचे आवाज येत होते, नावा दिसत नव्हत्या. पूस महिना, म्हणजे पौष, लागला की बनारसमध्ये हे व्हायचंच. इथली माणसं मफलर गुंडाळतात, दाराशी मातीची बोरसी पेटवून हात शेकतात, गरम चूडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, खातात आणि सूर्य उगवायची वाट न बघता दिवस सुरू करतात. मलाही पूर्वी हे दिवस आवडायचे. आता धुकं उतरलं की मी आधी मागे वळून पाहते, माधव चष्मा पुसतोय का.

आज पुसत नव्हता. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. तरी मी विचारलंच.

"साफ दिसतंय ना?"

"धुकं दिसतंय," तो म्हणाला. "साफ धुकं आहे."

तो हसला. मी हसले नाही. काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याने माझ्याकडून ते काढून घेतलंय.

माधव म्हणजे माझा नवरा. बँकेत नोकरी, शाळेत असल्यापासून नाकावर जाडजूड भिंगं. त्याची माणसं काही पिढ्यांपासून काशीत. वडील वेद शिकवायचे. मी अकोल्याची, इथे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. आमच्या घरात दोन मराठ्या नांदतात. मी 'घाबरू नको' म्हणते, तो 'घबरू नको' म्हणतो. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्याला सुधारायची. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की खरं भ्यायल्यावर मला त्याचंच 'घबरू नको' ऐकायचं असतं.

माधवला मोटार चालवता येत नाही. आमच्या दारापर्यंत मोटार येऊही शकत नाही. मोठ्या रस्त्यावर उतरायचं आणि गल्ल्यागल्ल्यांतून चालत यायचं. गॅसचा सिलिंडरसुद्धा माणसाच्या खांद्यावरून येतो. अशा घरात, पूर्वेच्या खिडकीपाशी टेबल मांडून, हा माणूस हॉट रॉड बनवत बसायचा. तळहातावर मावतील एवढ्या. अमेरिकेतल्या तरुण पोरांनी फार पूर्वी जुन्या मोटारी घेऊन त्या बेफाम पळवायला सुरुवात केली. आत दांडगं इंजिन बसवायचं, त्यावरचं झाकण काढून ते उघडं ठेवायचं, पुढची चाकं लहान आणि मागची मोठी लावायची, टप कापून बुटका करायचा, अंगावर ज्वाळा रंगवायच्या. तशा मोटारींच्या छोट्या प्रतिकृती प्लास्टिकच्या सुट्या भागांत डब्यातून येतात. पण डब्यात होती तशी गाडी माधवने कधी जोडली नाही. एका डब्यातलं इंजिन दुसऱ्या गाडीत जायचं. इंजेक्शनच्या सुया कापून त्यांचे सायलेन्सर व्हायचे, बिघडलेल्या इअरफोनमधल्या केसासारख्या तारा स्पार्क प्लगना जाऊन चिकटायच्या. सुटीच्या दिवशी घरात खाचा बुजवायच्या लांबीचा वास असायचा आणि ओला पॉलिश पेपर घासल्याचा मऊ, एकसारखा आवाज. त्या आवाजावर मला छान झोप लागायची.

त्या हिवाळ्यात तो चष्मा पुसत राहिला. कधी मळ म्हणून, कधी श्वासाची वाफ, कधी बाहेरचा दमटपणा म्हणून. शर्टाच्या टोकाने, माझ्या ओढणीने, मग साबणाच्या पाण्याने. "कोपऱ्यात काहीतरी राहतंय," म्हणायचा. शहरभर कुणालाच धड दिसत नव्हतं, म्हणून आम्हांला काही वेगळं वाटलं नाही. मध्येच त्याला वीज चमकल्यासारखं व्हायचं. थंडीत कुठली वीज, असं म्हणून मी विषय संपवला.

मग तो रविवार. तो टेबलाशी होता, एका नव्या गाडीची बॉडी घासत. मी चहा घेऊन त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिले. पेला तसाच हातात. एरवी तो न बघता हात पुढे करतो. मी उभीच.

"अगं, चहा झाला का?" त्याने स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली.

मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याने पुन्हा हाक मारली, मोठ्याने. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होते.

"माधव, मी इथेच आहे."

त्याने मान वळवली, खूपच वळवली, आणि मग मला पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याने डावा डोळा हाताने झाकला, उजव्याने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "तू नाहीयेस."

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होती, बारीक अंगाची, हात बर्फासारखे असल्याबद्दल आधीच माफी मागणारी. हिंदीत डोळ्याच्या आतल्या पातळ पटलाला पर्दा म्हणतात. "पर्दा उतर गया है," ती म्हणाली, "बीच तक।" मी कागद घेऊन सही केली आणि सही करताना माझं आडनाव मला आठवेना. माहेरचं आठवत होतं.

ऑपरेशन झालं. उतरलेला पडदा जागेवर बसवून डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरला. तो बुडबुडा वर चढणार आणि पडद्याला मागे दाबून धरणार, म्हणून डोळ्याची मागची बाजू कायम वर हवी. म्हणजे तोंड खाली.

"मुँह नीचे, बस," डॉक्टर म्हणाली. "खाना, सोना, बैठना, सब मुँह नीचे। यही दवा है।"

माणसाला पालथं ठेवणं फार अवघड असतं. मी जुन्या रजईचं कापड गुंडाळून मोठी चुंबळ केली, पाण्याच्या घागरीखाली डोक्यावर ठेवतात तशी, आणि ती पलंगाच्या कडेला बांधली. तिच्यावर कपाळ आणि हनुवटी टेकून माधव पडून राहायचा, चेहरा पलंगाबाहेर, नजर फरशीकडे. उजव्या डोळ्यावर झाकण. दिवसच्या दिवस मला फक्त त्याचं डोकं मागून दिसायचं. त्याच्या डोक्यावर मध्यभागी केस विरळ झाले आहेत, हे मला तेव्हा कळलं.

मला सगळ्यात जास्त भीती शिंकेची वाटायची. डॉक्टरने जोर लावायचा नाही असं सांगितलं होतं. खोकला, शिंक, ओझं, काही नाही. त्या दिवसांत आमच्याकडे मिरचीची फोडणी झाली नाही. शेजारच्या घरात फोडणीचा चर्र आवाज आला की मी धावत जाऊन खिडक्या लावायची. उदबत्ती बंद. पलंगावरून नुसता "हं" असा आवाज आला तरी पोळी तव्यावर टाकून मी दाराशी. शाळेत नकाशावर छडी ठेवून पर्वत दाखवताना अचानक वाटायचं, आत्ता या क्षणी त्याला शिंक आली असेल. माधवला डुलकी लागली की मी डोळे मिटून स्वयंपाकघरात फिरून पाहायची. मीठ कुठे, साखर कुठे, गॅसचं बटण कुठे. दोन पावलांत दाराची कड कपाळाला लागायची. मग डोळे उघडून तिथेच ओट्याला धरून उभी राहायची.

गंगेपलीकडच्या रामनगरहून त्याची मोठी बहीण आली. ताईंचे यजमान तिथे शाळेत होते, आता त्या एकट्याच असतात. धुक्यामुळे नावा बंद होत्या, म्हणून पुलावरून रिक्षाने, मग गल्ल्यांतून चालत. दारात चपला काढता काढताच त्यांची नजर टेबलावर गेली.

"हे खिलौने आधी फेकून दे," त्या मला म्हणाल्या. "ह्यांनीच आँख खाल्ली माझ्या भावाची. लहानपणापासून बोलतेय, इतकं बारीक काम करू नको."

मनातून मलाही तसंच वाटत होतं.

"ताई," फरशीकडून माधवचा आवाज आला. "डॉक्टर बोलली, जन्मापासूनच पर्दा कमजोर आहे. मोटारींचा काही कसूर नाही."

ताई त्याच्याजवळ गेल्या. पाठीवरून हात फिरवला, वाकून पाहायचा प्रयत्न केला. गुडघे दुखतात त्यांचे. मग काय मनात आलं, त्यांनी पदर खोचला, फरशीवर बसल्या आणि सरळ उताण्या आडव्या झाल्या. सरकत सरकत त्याच्या चेहऱ्याखाली गेल्या. सत्तरीची बाई, नऊवारी नाही पण कडक इस्त्रीची सुती साडी, थंडगार फरशीवर पाठ टेकून भावाच्या तोंडाकडे वर बघत होती.

"आता दिसलास," त्या म्हणाल्या. "किती सुजलंय रे तोंड."

दोघं बराच वेळ तसेच होते. मी खोलीबाहेर गेले.

ताईंमुळेच मला सुचलं की त्याला पाहायचं तर खाली बसायचं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी सतरंजी टाकून त्याच्या चेहऱ्याखाली बसले. त्याचा डावा डोळा चष्म्याआडून माझ्याकडे पाहत होता, लाल, थकलेला.

"एक काम करशील?" तो म्हणाला. "ती अर्धी राहिलेली गाडी आण."

मी नाही म्हणाले. त्याने पुन्हा मागितली.

"फरशी बघून बघून वेडा होईन गं. काहीतरी पुढे सरकताना दिसू दे."

मी पाट मांडला, त्यावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर गाडी. टेबलावरचा दिवा खाली आणला. माझ्या हातून पहिल्या दिवशी एक तार जागेवर लागली आणि तीन हरवल्या. चिमट्यात धरलेला भाग टणकन उडून पलंगाखाली जायचा आणि मी गुडघ्यांवर रांगत शोधायची. माधव वरून सांगायचा, "गोंद तारेला नाही, भोकाला लाव. एक थेंब पण जास्त आहे. अर्धा." हळूहळू जमू लागलं. दुपारी तासदीड तास ती एक जागा अशी असायची, की तिथे मला भीती वाटत नसे. खिडकीबाहेर पांढरं, दिव्याखाली पिवळं, आणि मध्ये ते इंजिन, त्याच्या टोपणांतून निघून मागे वळणाऱ्या आठ तारा. दिवा विझवला की भीती परत यायची, जिथे सोडली होती तिथूनच.

मग एके दुपारी तो म्हणाला, "आज टप कापू या."

हॉट रॉडचा टप कापायचा म्हणजे खिडक्यांमधले बारीक खांब करवतीने कापायचे, त्यांचा एक तुकडा काढून टाकायचा आणि टप पुन्हा खाली चिकटवायचा. गाडी दबा धरून बसल्यासारखी दिसते. पण हात चुकला तर बॉडी फुकट जाते.

"ते तू बरा झाल्यावर कर."

"नाही, तूच काप. करवत खेचायची, ढकलायची नाही. आणि बघ, पाती डाव्या कप्प्यात असतात. गोंदाचं झाकण लगेच लावत जा, नाहीतर गोंद सुकतो. रंग उघडायच्या आधी खूप हलवायचे. कपाटावर अजून दोन डबे आहेत, त्यातला निळा—"

"माधव, हे मला आज का सांगतोयस?"

पालथ्या माणसाच्या डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत नाही, सरळ खाली पडतं. वर्तमानपत्रावर टप्पकन एक थेंब पडला, गाडीच्या अगदी शेजारी. औषधाचा होता की कसला, मला कळलं नाही.

"दुसरा पण गेला तर," तो म्हणाला. "डॉक्टर बोलली ना, त्या बाजूचा पर्दा पण पतला आहे. कुणाला तरी ठाऊक असायला हवं."

म्हणजे इतके दिवस तो वेळ घालवत नव्हता. एकेक वस्तू माझ्या हवाली करत होता. मला इतका राग आला की करवत पाटावर आपटली.

"मला नकोत तुझ्या गाड्या. मला गाड्या येत नाहीत. मी घाबरून घाबरून अर्धी झालेय, आणि तू आवराआवर करतोयस?"

"मग मी कुठे जाऊ घबरायला?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तू निदान दारामागे जाऊन रडतेस. मला तर उठता पण येत नाही."

खाली घाटावर कुणीतरी पक्ष्यांना शेव टाकत आ-आ करत होतं. हिवाळ्यात लांबून येणारे ते पांढरे पक्षी कलकलत होते, एकही दिसत नव्हता. मग मी हात वर करून त्याचा कान धरला, तेवढाच भाग मला नीट पकडता येत होता.

"श्वास रोखू नकोस कापताना," थोड्या वेळाने तोच म्हणाला. "सोडत राहा."

मी टप कापला. चौथ्या खांबाला करवत तिरकी गेली.

बुडबुडा रोज थोडा थोडा विरत गेला. मान वर करायची मुभा मिळाली तेव्हा माधव म्हणाला, डोळ्यात पाण्याची लेव्हल दिसतेय, वर उजेड, खाली हलणारं पाणी. ती विरत्या बुडबुड्याची कड होती. रोज सकाळी मी विचारायची, "कुठवर आली?" तो हवेत बोट धरून दाखवायचा. कपाळ, भुवई, नाक. रेषा उतरत होती आणि तिच्या वर जे दिसत होतं ते धूसर, मळकट होतं. आणखी उतरल्यावर नितळेल, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

आणि एका सकाळी त्याने मला हाक मारली ती हाक नव्हतीच, घशातला आवाज होता. रेषा मोडली होती. तिच्या जागी काळे काळे मणी, सुटी माळ सांडावी तसे, इकडून तिकडे फिरत होते.

"फाटला," तो म्हणाला. "परत फाटला."

आम्ही तसेच निघालो. त्याने मान खाली घातली ती वर करेना. डॉक्टरने परवानगी दिली होती तरी. माझ्या खांद्यावर हात ठेवून, पायांकडे बघत तो मागे, आणि मी पुढे. मला माझ्याच हातापलीकडे काही दिसत नव्हतं. रोजची गल्ली, पण ती कुणीतरी काढून नेली होती. भिंतीला हात लावत, "पायरी आहे, आता नाली आहे," असं सांगत मी चालत होते. एका वळणावर समोरून गरम वाफ तोंडावर आली. सांड होता, गल्ली भरून उभा. शिंगं आधी दिसली. मागे वळायला जागा नव्हती.

"काय झालं?" माधव म्हणाला.

"काही नाही. थांब."

"सांड आहे ना? वास येतोय." मग माझ्या खांद्यावरचा त्याचा हात घट्ट झाला. "घबरू नको. भिंतीला चिकट. तो जाईल."

ते शब्द मात्र नेहमीसारखेच निघाले. सांड आमच्या अंगाला घासून, ओला, जड, निघून गेला. माझा स्वेटर भिजला. आम्ही तसेच भिंतीला चिकटून उभे होतो, तो गेल्यावरही.

डॉक्टरने खूप वेळ पाहिलं. तिच्या कपाळावरचा दिवा माधवच्या डोळ्यात, आणि मी तिच्या ओठांकडे बघत.

"पर्दा ठीक है," ती म्हणाली. "बुलबुला टूट गया है, छोटे-छोटे हो गए हैं। ऐसा होता है। डर गए थे?"

माधवने मान हलवली. मी खुर्ची शोधली.

मणी विरले. पडदा टिकला. नजर आली, पण पूर्वीची नाही. उजव्या डोळ्याला सरळ रेषा वाकलेली दिसते. दाराची चौकट मध्येच पोटात गेल्यासारखी, विजेचा खांब कमरेत मुरडलेला. लहान वस्तू उचलताना त्याचा हात अलीकडेच मिटतो. डाव्या डोळ्याला लेसर केलं आणि दर सहा महिन्यांनी या म्हणून सांगितलं. माधव अजून गाड्या करतो, सावकाश. चिमट्याचं काम माझ्याकडे आलंय. ती बुटकी गाडी खिडकीत असते, पाहुणे चौथ्या खांबाविषयी विचारत नाहीत.

भीती गेली का, असं अकोल्याहून बहीण फोनवर विचारते. मी तिला हवापाणी सांगते. माधवने अंधारात पाय आपटला, की मी हातातलं टाकून दिवा लावायला धावते. रस्त्यावर स्कूटरचा दिवा चमकला की तो थबकतो, आणि मी विचारायच्या आत सांगतो, "स्कूटर होती."

आज तपासणी होती. औषध घालून बुबुळं मोठी केलेली, म्हणून परतताना तो नेहमीच्या चष्म्यावर काळा चष्मा लावून माझा हात धरून चालत होता. डावा डोळा ठीक आहे. सहा महिने मिळाले. घराच्या दारात मी कुलूप काढत होते, तेव्हा धुकं जरा सैल झालं होतं. मागे वळून पाहिलं तर माधवने वरचा काळा चष्मा काढला होता आणि चांगला डोळा तळव्याने झाकून, फक्त त्या उजव्या डोळ्याने माझ्याकडे पाहत होता.

"काय करतोयस?"

"बघतोय." तो बराच वेळ बघत राहिला. "आहेस. मध्ये थोडी वाकली आहेस."

मी किल्ली हातात धरून तशीच, शक्य तितकी ताठ उभी राहिले.